सोरमारे वस्तीची खास फाइल

बिभीषण सोरमारे वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं जे झालं ते ऐकलं की लोक फटकन बोलून मोकळे होतात, शहरात गेला आन् आईला विसरला म्हणून. साफ खोटं आहे ते. विसरला असता तर परवडलं असतं एक वेळ. त्यानं आठवण ठेवली, माया केली, आणि त्या मायेपायीच घात झाला.

खुलताबादच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला सोरमारे वस्ती आहे. धनगरांची दहा-बारा घरं, समोर मेंढरांचे वाडे, मागं बोडका डोंगर. दिवाळी झाली की धडधाकट माणसं मेंढरं घेऊन खाली खानदेशात उतरतात, तिथल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवतात, आणि वैशाखातली आखिती, म्हणजे अक्षयतृतीया, झाली की परत वर येतात. बिभीषणचा बाप मल्हारराव जन्मभर असाच चालला, अजूनही चालतो. पण पोराच्या हाती काठी द्यायची नाही, हे त्यानं आणि बानाबाईनं पक्कं केलेलं. शाळेच्या वयाला लागल्याबरोबर पोरगा आश्रमशाळेत टाकला. रडला बिचारा, पळून आला, बापानं खांद्यावर बसवून परत नेऊन सोडला. बानाबाई दारात उभी राहून बघत राहिली, पण "राहू द्या त्याला" असं काही म्हणाली नाही.

तेव्हापासून बिभीषण घरी यायचा तो दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात. दिवाळीत वाडे, म्हणजे मेंढरांसह चालणारे तांडे, निघायचे असत, मे महिन्यात परत आलेले असत. म्हणजे बघा, त्यानं वस्ती पाहिली ती कायम भरलेली. मधल्या महिन्यांत तिथं काय चालतं, मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं कशी दिवस काढतात, हे त्यानं एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. आपल्याच घराची अर्धी गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि बाकीची अर्धी ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

पुढं डिप्लोमा झाला. वाळूजच्या एका कारखान्यात ठेक्यावर लागला, बजाजनगरात एका खोलीत चौघं मिळून राहिला. त्या खोलीतला एकजण कंप्युटरचा क्लास करायचा. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर बिभीषण पाळी संपली की बसायचा. हात बसला, डोकं चाललं, आणि दोन-तीन वर्षांत तो सिडकोतल्या ऋतुराजच्या कंपनीत प्रोग्रामर म्हणून चिकटला. कंपनी म्हणजे काय, एका बँकेच्या वरचे दोन गाळे आणि दहा पोरं. ऋतुराज बड्या बागायतदाराचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला, बोलायला गोड आणि कामाला वाघ. बिभीषणचं लग्न झालं, सुकेशनी घरात आली, सृष्टी झाली, पडेगावात हप्त्यावर फ्लॅट घेतला. धनगराच्या पोरानं शहरात चार भिंती केल्या म्हणून मल्हाररावानं तिथं वस्तीवर बोकड कापला.

शहराचं काय सांगावं! जिकडं बघाल तिकडं नवी स्कीम. बोर्डावर कारंजं, आत नळाला थेंब नाही. पडेगाव म्हणू नका, शेंद्रा म्हणू नका, माणसं येऊन राहायला लागली आणि पाण्याचा पत्ताच नाही. त्यात चोवीस सालचा उन्हाळा येऊ घातलेला. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, गावोगाव टँकर लागणार हे दसऱ्यालाच कळून चुकलं होतं. खुलताबाद भागातल्या टँकरचा ठेका एका ठेकेदारानं घेतला, आणि कोणती गाडी कुठं, किती खेपा, हे ठरवणारं वेब ॲप करायचं काम ऋतुराजला मिळालं. ऋतुराजनं ते बिभीषणच्या गळ्यात घातलं.

आता हे ॲप चालायचं कसं ते थोडक्यात सांगतो, घाबरू नका. कोड कितीही मोठा असू दे, त्याला बाहेरून सूचना लागतात. त्या ज्या फाइलीत लिहितात तिला ही पोरं कॉन्फिग म्हणतात. बिभीषणनं दोन तऱ्हेच्या फाइली ठेवल्या होत्या. एक सगळ्यांची, तिच्यात सगळी गावं, माणसं, नेहमीचे नियम. आणि ज्या गावाची गोष्ट वेगळी, त्याची खास फाइल. उरुसात खुलताबादला गर्दी होते, तिथं जास्त खेपा. एखाद्या शाळेला सुट्टीत खेप बंद. ॲप सुरू झालं की आधी सगळ्यांची फाइल वाचायचं, मग खास फाइल आहे का बघायचं, आणि असली तर तिच्यातलं वर ठेवायचं. घरात सासूचा सगळ्या सुनांना एक नियम असतो आणि धाकटीच्या कानात सांगितलेला वेगळा असतो. चालतो कोणता? कानातला. तसंच हे.

ठेकेदाराची एक कुरकुर होती. रिकाम्या वस्त्यांवर गाड्या जातात, डिझेल फुकट जातं. म्हणून नियम घातला की तीन चुलींच्या आत जिथं वस्ती आहे तिथं वेगळी गाडी जाणार नाही, त्यांनी जवळच्या गावच्या टाकीवरून पाणी न्यावं. मोकळी झालेली गाडी शहरात ज्या सोसायटीची मागणी असेल तिकडं वळवायची. नियम ऐकून बिभीषणला वाटलं, आपण इमानदार माणूस, सुरुवात आपल्या वस्तीपासून करावी. उगी आपल्या भावकीसाठी रिकामी गाडी नाचवली असं कुणी म्हणायला नको. कार्तिकात वाडे निघून गेल्यावर त्यानं आईला फोन लावला.

"माय, वस्तीवर सध्या किती चुली पेटत्यात गं?"

"एकच की रं. का?"

"काय नाय, कामाचं होतं."

झालं. बिभीषणनं सोरमारे वस्तीची खास फाइल केली आणि तिच्यात लिहिलं, चुली एक. त्याला वाटलं, बाकीचे सगळे मेंढरांमागं गेले, मागं आपली आई एकटी. एका चुलीला कितीसं पाणी लागतं? वस्तीच्या विहिरीवर भागेल. आखितीला वाडे परतले की आकडा वाढवू.

आणि खरं काय होतं? त्या वस्तीची रीतच अशी, की वाडा वाटेला लागला की मागं राहिलेल्यांनी वेगळी चूल पेटवायची नाही. विस्तव मेंढरांबरोबर गेला, असं मानतात. सगळ्या घरांतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी आणि पोरांनी एका दारात जेवायचं. ती चूल कित्येक वर्षं बानाबाईच्या दारात होती. वीस-एकवीस माणसं त्या एका चुलीवर जेवत होती! बानाबाई बिचारी खरं तेच बोलली. आपल्या पोटच्या पोराला ही रीत माहीत नसेल असं तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

त्याच फाइलीत बिभीषणनं हौसेनं अजून एक ओळ लिहिली. पाणी कोणाच्या ताब्यात द्यायचं ते नाव लिहायची जागा असते, तिथं त्यानं आईचं नाव घातलं. बानाबाई मल्हारराव सोरमारे. आणि परत फोन करून सांगितलं, "माय, तुझं नाव कंप्युटरात टाकलं. उन्हाळ्यात टँकर आला की ड्रायव्हर तुझंच नाव पुकारणार. तुझ्याच हाती पाणी देणार."

"अगं बया! माझं नाव? पाटलीणबाई झाले म्हण की मी!" बानाबाई हसली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वस्तीवर असं एक माणूस उरलं नाही ज्याला ही गोष्ट माहीत नव्हती.

फाल्गुनात वस्तीची विहीर आटली. टँकर सुरू झाले, खालच्या गावाला यायला लागले, पण डोंगराकडं वळेनात. खालच्या गावची टाकी लांब, तिथं नंबरावरून भांडणं, या म्हाताऱ्यांना कोण पुढं येऊ देतं? मग बायका घाटाखालच्या पडक्या विहिरीवर जायला लागल्या. जुनी विहीर, पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या, तळाला हिरवं पाणी. दोघी खाली उतरायच्या, दोघी वर दोर धरायच्या. चौघींशिवाय तिथं जायचं नाही असं ठरलेलं होतं.

बानाबाईनं लई दिवस पोराला सांगितलं नाही. त्याच्यामागं काय कमी व्याप आहेत, म्हणायची. पण आवडाबाई, तिची शेजारीण आणि नात्यानं जाऊ, पायरीवरून घसरली, गुडघा फुटला. तेव्हा कुठं बानाबाईनं सोमवारी फोन लावला.

"बिभ्या, टँकर समद्यांना येतो, आमच्याकडंच वळत नाय रं. त्या इहिरीवर जाऊन जाऊन जीव चालला बायांचा."

बिभीषणला धक्का बसला. "इतके दिवस बोलली का नाय? थांब, बघतो." फोन कानाला तसाच ठेवून त्यानं सगळ्यांची फाइल उघडली. तलाठ्यानं नुकतीच मोजणी करून दिलेले नवे आकडे तिच्यात भरलेले होते. सोरमारे वस्ती, माणसं एकवीस, रोज एक खेप. नाव दिसलं, खेप दिसली. समोर ऋतुराज दुसऱ्या कामासाठी ताटकळत उभा होता. खास फाइल उघडून बघावी हे बिभीषणच्या डोक्यातच आलं नाही. कार्तिकापासून त्यानं अशा कितीतरी खास फाइली लिहिल्या होत्या. कार्तिकातली एक ओळ चैत्रात कोणाच्या ध्यानात राहते? आणि एकवीस माणसं कुठून आली, हे तरी विचारावं की नाही! तेही नाही विचारलं.

"माय, नाव आहे वस्तीचं. उद्यापासून गाडी येणारच. आता त्या विहिरीवर कुणी जायचं नाय, माझी आण आहे तुला."

"येतीय ना नक्की?"

"मीच लिहिलंय ते सगळं, माय. येणार म्हणजे येणार."

बानाबाईनं बायांना गोळा केलं आणि ठणकावून सांगितलं, की माझ्या पोरानं शब्द दिलाय, उद्या टँकर येतोय, कुणी इहिरीची पायरी चढायची नाय का उतरायची नाय. रिकाम्या कळश्या, डेचक्या, डबे सगळं घासून तिच्या अंगणात मांडलं. मंगळवारी सकाळपासून सगळे रस्त्याकडं डोळे लावून बसले. टँकर आला नाही.

त्याच मंगळवारी पडेगावात बिभीषणच्या सोसायटीत टँकर आला. सुकेशनीनं फोनवर हरखून सांगितलं, "अहो, आज आपला नंबर नव्हता तरी गाडी आली. दोन्ही पिंपं भरली, सृष्टीचे शाळेचे कपडे धुतले." बिभीषणलाही बरं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं बादलीभर पाण्यानं आंघोळ केली, कितीक दिवसांनी. आईला फोन करून विचारावं असं अंग पुसताना त्याच्या मनात आलं होतं. मग सृष्टीनं गृहपाठ काढला आणि राहून गेलं. एक फोन रे बाबा! एका फोनाला काय लागतं? पण ज्याला आपल्या कामावर भरवसा असतो तो परत विचारायला जात नाही, आणि बिभीषणला भरवसा होता.

बुधवारीही वस्तीवर गाडी नाही. बुधवारीही पडेगावात गाडी आली. वस्तीवर सोमवारचं उरलंसुरलं पाणी पोरांना घोट-घोट दिलं, म्हाताऱ्यांनी तोंड ओलं केलं. खालच्या गावातून दोन कळश्या मागून आणल्या, त्याही दुपारपर्यंत संपल्या. म्हातारा सखाराम कुरकुरला, "कंप्युटरातलं पाणी हाय ते, कंप्युटरातच ऱ्हाणार." बानाबाईच्या फार जिव्हारी लागलं ते.

"पंक्चर झालं आसंल," ती म्हणाली. "एखाद दिवस मागंपुढं व्हतंच."

आवडाबाई म्हणाली, "बाने, फोन लाव की पोराला. इचार."

"न्हाय," बानाबाई म्हणाली. "दिल्या शब्दाला दोनदा इचारलं म्हंजी इस्वास नाय म्हनल्यासारखं हुतं."

गुरुवारी सकाळी बिभीषण चहा पीत बसला होता. सुकेशनी पोळ्या लाटता लाटता सहज बोलून गेली. "तो ड्रायव्हर काल काय म्हणाला माहितीये? ही गाडी म्हणे खुलताबादच्या वर डोंगरातल्या एका वस्तीची. तिथं माणसंच नाहीत, ॲपच इकडं पाठवतं, म्हणून आपली चंगळ."

बिभीषणच्या हातातला कप तसाच राहिला. डोंगरातली वस्ती, माणसं नाहीत, चूल एक. त्याच्या डोक्यात कार्तिकातला तो फोन लख्ख उभा राहिला. पायात चपला आहेत की नाहीत हे न बघता तो गाडीवर बसला आणि सिडकोत पोचला. फाइल उघडली. चुली एक. स्वतःच्या हातानं लिहिलेलं. त्यानं ओळ खोडली, तिथं माणसं एकवीस लिहिलं. पण ॲप फाइल वाचतं ते सुरू होताना, एकदाच. चालू ॲपला नवी ओळ कळणार नव्हती. त्यानं कुणाला न विचारता भर सकाळी ॲप बंद करून पुन्हा सुरू केलं. शहरातल्या सगळ्या सोसायट्यांच्या मागण्या लटकल्या.

ऋतुराज धावत आला. "अरे, वेड लागलं का तुला? ठेकेदार माझी कातडी सोलेल!"

"सर, माझी आई आहे तिथं," बिभीषण म्हणाला. त्याचा चेहरा बघून ऋतुराज बाजूला सरकला.

ॲपनं फाइली वाचल्या. स्क्रीनवर ओळ आली, सोरमारे वस्ती, गाडी निघाली. बिभीषणनं आईचा फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. परत लावला. बकरीमागं गेली असेल, त्यानं मनाला सांगितलं. मग मोटरसायकल काढली आणि टँकरच्या मागोमाग डोंगराच्या रस्त्याला लागला, वाटेत त्याला मागं टाकून पुढं निघाला.

तिचा फोन घरात कोनाड्यात वाजत होता. बानाबाई त्याआधीच पहाट फुटताना उठून दोन कळश्या आणि दोर घेऊन एकटी घाटाखाली गेली होती. कुणाला उठवलं नाही. उठवणार कोणत्या तोंडानं? तिनंच सगळ्यांना अडवलं होतं, तिच्याच पोराच्या शब्दावर वीस जीव दोन दिवस तहानलेले बसले होते. पोरं उठायच्या आत पाणी आणून ठेवू, टँकरच येऊन गेला म्हणून सांगू, असं काहीतरी तिच्या मनात असणार. आवडाबाई नंतर असंच म्हणाली. तिला बानाबाईचा स्वभाव माहीत होता.

एक भरलेली कळशी वरच्या पायरीवर सापडली. म्हणजे एक खेप तिनं केली होती. दुसरीला पायरी सुटली.

बिभीषण पोचला तेव्हा खालच्या गावचे गडी तिला बाजेवर घालून अंगणात घेऊन आले होते. लुगडं ओलंचिंब, केसात शेवाळ. अंगणभर घासून मांडलेली रिकामी भांडी उन्हात चमकत होती, माणसांना उभं राहायला त्यांच्यातून वाट काढावी लागत होती. बिभीषण बाजेपाशी बसला. "माय," म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिचा हात हातात घेतला, थंडगार होता. आवडाबाईनं फुटका गुडघा ओढत येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"फोन का नाय केला गं काकू? एक फोन करायचा होता," तो हंबरडा फोडून बोलला.

"म्या म्हनलं रं तिला. तर म्हनली, पोराच्या शब्दाला दोनदा इचारायचं नसतं."

मल्हाररावाला कळवायला माणूस फोन लावत होता, खानदेशात कुठं रेंज मिळत नव्हती. पोरं दाराआड दाटीवाटीनं उभी होती, त्यांच्या ओठांना पापुद्रे आले होते. चूल विझलेली होती. बिभीषणनं ती चूल पाहिली, तिच्याभोवती उलटून ठेवलेल्या वीसेक ताटल्या पाहिल्या, आणि आईनं कार्तिकात काय सांगितलं होतं ते त्याला आता कळलं. कुणाला विचारायची गरज राहिली नाही. तो जमिनीवर कपाळ आपटायला लागला, तेव्हा दोघांनी त्याला धरलं.

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. टँकर चढण चढून वस्तीत शिरला, अंगणाच्या कडेला थांबला. ड्रायव्हर नवा होता, शहरातला. खाली उतरून त्यानं घाम पुसला, गर्दीकडं नीट बघितलंही नाही, मोबाइल डोळ्यांपाशी नेऊन मोठ्यानं वाचलं.

"बानाबाई सोरमारे कोण आहेत? त्यांच्या ताब्यात पाणी द्यायचंय."

त्यानं परत पुकारलं, यावेळी अजून मोठ्यानं, कारण त्याला वाटलं म्हातारीला ऐकू येत नसेल.

आवडाबाई उठली. अंगणातली एक घासलेली कळशी तिनं उचलली आणि लंगडत टँकरच्या तोटीखाली नेऊन धरली.

"सोड पानी," ती म्हणाली. "तिच्या आंघुळीला पायजे."